चतुःशृंगीचा अनुस्वार कापला जाऊ नये म्हणून

पुण्यात जलकेंद्रांच्या देखभाल-दुरुस्तीचा वार बहुतेक वेळा गुरुवार असतो. त्याआधी एक-दोन दिवस ‘या भागात पाणी बंद’ अशी यादी गावभर फिरते. बातम्यांची संकेतस्थळं, प्रभागातल्या कार्यकर्त्यांची पानं, सोसायट्यांची स्वतःची छोटी संकेतस्थळं, सगळीकडे साधारण एकाच घडणीचा तक्ता दिसतो. डावीकडे जलकेंद्राचं नाव, मधे भागांची लांबलचक यादी, उजवीकडे पाणी पुन्हा केव्हा येणार ती वेळ. पर्वतीसमोर पेठा, सहकारनगर, पद्मावती, बिबवेवाडी. वडगावसमोर हिंगणे, आनंदनगर, धायरी, आंबेगाव, धनकवडी, कात्रज, कोंढवा बुद्रुक.

दिसायला साधा असला तरी सेलच्या उंचीच्या बाबतीत हा तक्ता पान करणाऱ्याची पुरती परीक्षा घेतो. एका सेलमध्ये दोन शब्द, शेजारच्या सेलमध्ये वीस. कार्यालयातल्या संगणकावर यादी दोन ओळींत बसते, कुणाच्या फोनवर तिच्या नऊ ओळी होतात, आणखी कुणाच्या फोनवर वेळ रोच्या मध्यावर जाऊन बसते आणि ती कुठल्या भागाची हेच समजत नाही. मग पान करणारा उंची ४० पिक्सेलवर बांधून टाकतो, जास्तीचा मजकूर लपवतो, आणि यादीच्या शेवटी ज्याचा भाग आहे त्याला उद्या पाणी नाही हे कळतच नाही. असं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. मराठी मजकुराचा तक्ता सगळ्या ब्राउझरमध्ये नीट उभा राहू शकतो, त्यातलं एकही अक्षर न कापता. मात्र त्यासाठी थेट उंचीला हात घालायचा नाही. उंची ज्या गोष्टींमुळे ठरते, त्या आधी बांधून घ्यायच्या.

सीएसएसच्या गुणधर्मांची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीतच जातील.

दिलेली उंची ही किमान उंची

सेलला किंवा रोला ‘हाइट’ दिली की ब्राउझर तो आकडा कमाल मानत नाही, किमान मानतो. मजकूर वाढला की सेल वाढणारच. यात ब्राउझरचा दोष नाही, नियमच तसा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमनं जून २०११ मध्ये पक्क्या केलेल्या सीएसएस २.१ मध्ये रोची उंची कशी काढायची ते स्पष्ट दिलं आहे. रोला दिलेली उंची, त्या रोमधल्या प्रत्येक सेलला दिलेली उंची आणि प्रत्येक सेलमधल्या मजकुराला लागणारी उंची, या सगळ्यांत जी सर्वांत मोठी ती रोची उंची. जलकेंद्राच्या सेलला तुम्ही ४० पिक्सेल दिले, वेळेच्या सेलला ६० दिले आणि भागांच्या यादीला ८९ लागले, तर तिन्ही सेल ८९ चे होतात.

हे एकदा मनात बसलं की बरेचसे उपाय का फसतात ते आपोआप कळतं. सेलला ‘मॅक्स-हाइट’ देऊन फायदा नाही, कारण सेल आणि रो यांच्यावर किमान-कमाल उंचीचा काय परिणाम व्हावा हे सीएसएस २.१ नं ठरवलेलंच नाही. ‘मिन-हाइट’ची गरजच पडत नाही, साधी ‘हाइट’ तेच काम करते. सेललाच ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावलं तरी उंची आटोक्यात येत नाही. सेल आधीच मजकुराइतका वाढलेला असतो, त्यामुळे लपवायला बाहेर काही उरतच नाही.

मानकानं आणखीही काही जागा मोकळ्या सोडल्या आहेत. सेलची उंची टक्क्यांत दिली तर ती कशाच्या टक्क्यांत मोजायची, अख्ख्या तक्त्याला मोठी उंची दिली तर उरलेली जागा कुठल्या रोला किती वाटायची, एक सेल अनेक रोंवर पसरला असेल तर त्याची जास्तीची उंची कुणाच्या वाट्याला घालायची. या जागा प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीनं भरतो. क्रोम आणि एज यांच्या आत ब्लिंक इंजिन आहे, फायरफॉक्सच्या आत गेको, सफारीच्या आत वेबकिट. आणि आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच चालतं. तेव्हा एकाच तक्त्याची तीन इंजिनांत तीन रूपं दिसली तर नवल नाही. तिन्ही इंजिनांसाठी तीन वेगळे तोडगे लिहीत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. मानकानं जे सोडून दिलं आहे, ते आपण वापरायचंच नाही. तक्त्याला उंची नाही, सेलला टक्क्यांत उंची नाही.

एखाद-दुसऱ्या पिक्सेलचा फरक मात्र राहील आणि तो राहू द्यावा. क्रोमनं २०२१ मध्ये, ९१ व्या आवृत्तीत, तक्त्यांची मांडणी करणारा भाग नव्यानं लिहिला. त्याआधी तक्त्यातली मापं पूर्ण पिक्सेलवर आणली जात, आता अपूर्णांक टिकतात. जुना फोन वापरणाऱ्या वाचकाला रेघ अर्ध्या पिक्सेलनं वर दिसली तर त्याचं काही अडत नाही.

आधी रुंदी बांधा

उंचीवर ताबा हवा असेल तर सुरुवात रुंदीपासून करावी लागते, कारण यादीच्या किती ओळी होणार हे कॉलमची रुंदी ठरवते. तक्त्याला काहीच सांगितलं नाही तर ब्राउझर सगळ्या सेलमधला मजकूर वाचून रुंदी स्वतः वाटतो. ही वाटणी कशी करायची तेही मानकानं सक्तीनं ठरवलेलं नाही. म्हणून तक्त्याला ‘टेबल-लेआउट: फिक्स्ड’ आणि रुंदी १०० टक्के द्या, आणि कॉलमच्या रुंदी ‘कॉलग्रुप’मध्ये लिहून टाका. आपल्या तक्त्यासाठी २४, ५०, २६ टक्के ही वाटणी चांगली बसते. मग खालच्या रोमध्ये काहीही आलं तरी कॉलम हलत नाहीत, आणि पान भराभर उमटतं तो फायदा वेगळाच.

इथं मराठी टंकलेखनातली एक सवय आडवी येते. पुष्कळ जण स्वल्पविरामानंतर जागा सोडत नाहीत. ‘सहकारनगर,पद्मावती,बिबवेवाडी,मुकुंदनगर’ असं सलग लिहिलेलं असलं की ब्राउझरच्या दृष्टीनं तो एकच अखंड शब्द असतो. स्वल्पविरामाला लागून अक्षर आलं तर तिथं ओळ तोडायची नाही असा युनिकोडचा ओळी तोडण्याचा नियम आहे. तक्ता मोकळा सोडलेला असेल तर हा लांबलचक ‘शब्द’ मधला कॉलम ताणतो, शेजारचे कॉलम चिंचोळे होतात, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ हे एवढंसं वाक्य सहा ओळींत मोडतं आणि अख्खी रो उंच होते. माणूस उंचीचं कारण यादीत शोधत राहतो, प्रत्यक्षात ते वेळेच्या सेलमध्ये असतं. रुंदी पक्की बांधलेली असेल तर हाच शब्द कॉलमची हद्द ओलांडून शेजारच्या मजकुरावर चढतो.

उपाय साधा आहे. मजकूर पानावर जाण्याआधी प्रत्येक स्वल्पविरामानंतर एक जागा सोडा. यादी कुणी तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली असेल तर हे काम शोधा-बदला करून मिनिटात होतं. त्याउपर खबरदारी म्हणून सेलला ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ द्या. दुसरा मार्ग उरला नाही तरच तो शब्द मधून तोडतो. ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ मात्र मराठीला लावू नका. त्यानं धड शब्दही जागा संपेल तिथं तुटतात, आणि धनकवडीचा ‘धनक’ एका ओळीत, ‘वडी’ दुसऱ्या ओळीत जाते.

ओळीची उंची आणि फॉन्ट

रुंदी बांधल्यावरही दोन संगणकांवर एकाच तक्त्याच्या रो कमी-जास्त उंच दिसल्या, तर कारण बहुधा फॉन्टमध्ये सापडतं. इंग्रजी पानांपेक्षा मराठी पानांना हा त्रास फार जास्त होतो आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्याचा उल्लेख क्वचितच असतो, म्हणून इथं थोडं थांबतो.

‘लाइन-हाइट’ सांगितली नसेल तर तिची किंमत ‘नॉर्मल’ असते, म्हणजे फॉन्ट सांगेल तेवढी. देवनागरी फॉन्ट प्रत्येक प्रणालीत निराळा. विंडोजवर अनेक वर्षं मंगल होता. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी तो घडवला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो सान्स देवनागरी भेटतो, अ‍ॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी. शिरोरेषेच्या वर किती जागा ठेवायची आणि अक्षराच्या खाली किती, याचं प्रत्येक फॉन्टचं गणित वेगळं आहे. तेच १६ पिक्सेलचं अक्षर घेतलं तरी ओळीची उंची बदलते. एका ओळीला पडलेला तीन-चार पिक्सेलचा फरक नऊ ओळींच्या यादीत तीस-पस्तीस पिक्सेलचा होतो.

गुंता आणखी वाढतो तो मिश्र मजकुरात. पुष्कळ तयार साच्यांमध्ये फॉन्टच्या यादीत पहिला फॉन्ट फक्त रोमन अक्षरांचा असतो. त्यात देवनागरी नसल्यामुळे ब्राउझर मराठीसाठी दुसरा फॉन्ट उचलतो. ‘लाइन-हाइट’ जर ‘नॉर्मल’ असेल तर त्या दुसऱ्या फॉन्टची उंचीही हिशेबात धरली जाते. मग ज्या रोमध्ये फक्त इंग्रजी आकडे आहेत ती बुटकी, आणि जिच्यात मराठी आहे ती उंच. एकाच तक्त्यात एकेक ओळीच्या दोन रो उंचीला वेगवेगळ्या दिसतात त्या बहुधा यामुळे.

म्हणून तक्त्याला ‘लाइन-हाइट’ आकड्यानं द्या, एकक न लावता: १.५ किंवा १.६. आकडा दिला की ओळीची उंची मुख्य फॉन्टवरून ठरते आणि मागाहून उचललेला फॉन्ट ती वाढवत नाही. एकक न लावण्याचं कारण असं की आतला मजकूर लहान-मोठा केला तरी प्रमाण कायम राहतं. मराठीसाठी १.५ च्या खाली उतरू नये असं माझं मत आहे. इंग्रजीला १.२ चालून जातं. मराठीत वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. तपासण्यासाठी पुण्यातल्याच नावांसारखी दुसरी नावं नाहीत. ‘चतुःशृंगी’ घ्या: ‘तु’चा उकार खाली, ‘शृ’चा ऋकार खाली, त्याच ‘शृं’वर अनुस्वार, शेवटी वेलांटी. तिच्या लगेच खालच्या ओळीत ‘हिंगणे खुर्द’ ठेवा, रफार वर येतो. आणि वरच्या ओळीत ‘कोंढवा बुद्रुक’, ‘द्रु’ खाली लोंबतो. या तीन ओळी एकमेकींना न टेकता दिसल्या तर तुमची ‘लाइन-हाइट’ बरोबर आहे.

आता हिशेब करून पाहा. अक्षर १६ पिक्सेल, ‘लाइन-हाइट’ १.५, म्हणजे एक ओळ २४ पिक्सेलची. सेलला वर-खाली ८-८ पिक्सेलचं पॅडिंग, आणि रेघा ‘बॉर्डर-कोलॅप्स’नं एकत्र केलेल्या १ पिक्सेलच्या. एका ओळीची रो २४ अधिक १६ अधिक १, म्हणजे ४१ पिक्सेल. तीन ओळींची रो ७२ अधिक १६ अधिक १, ८९ पिक्सेल. कुठेही ‘हाइट’ न लिहिता रोची उंची किती असेल ते आधी सांगता येऊ लागलं, आणि तीनही इंजिनांत तेवढीच मिळते. २४ हा पूर्ण आकडा मुद्दाम निवडला आहे. अपूर्णांक टळले की जुन्या-नव्या ब्राउझरमधला बारीक फरकही उरत नाही.

फॉन्ट स्वतः पानाबरोबर पाठवणार असाल तर ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांच्यासारखा मराठी नीट सांभाळणारा फॉन्ट घ्या आणि यादीत तोच पहिला ठेवा. पानाची भाषा मराठी असल्याचं ‘लँग’मध्ये नोंदवायलाही विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्र दिलेले असतात, तो ते त्या नोंदीवरूनच निवडतो.

सेलच्या आत काय दडलंय ते बघा

वरचं सगळं करूनही एखादी रो अवाच्या सवा उंच दिसत असेल तर त्या सेलवर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. बहुतेक वेळा वर्डमधून उचलून चिकटवलेला मजकूर सापडेल. वर्ड आपल्याबरोबर पॅराग्राफ आणतो, आणि पॅराग्राफला वर-खाली एकेका अक्षराच्या उंचीइतका मार्जिन असतो. सेल तो मार्जिन बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे १६ पिक्सेलच्या मजकुराची रो ३२ पिक्सेलनं फुगते. चिकटवताना ‘फक्त मजकूर’ निवडा, आणि तक्त्यातल्या पॅराग्राफचा मार्जिन शून्य करणारी ओळ सीएसएसमध्ये कायमची ठेवा. शासकीय पत्रकं आणि सोसायटीच्या नोटिसा वर्डमध्येच तयार होतात, तेव्हा ही अडचण पुन्हा पुन्हा येणार.

दुसरं म्हणजे चित्र. पाणीपट्टी भरण्याचा क्यूआर कोड किंवा संस्थेचं बोधचिन्ह सेलमध्ये टाकलं की त्याच्याखाली चार-पाच पिक्सेलची रिकामी पट्टी राहते. चित्र ओळीतल्या अक्षरासारखं बसतं आणि अक्षराच्या खालच्या भागासाठी ठेवलेली जागा त्याच्याखाली उरते. चित्राला ‘डिस्प्ले: ब्लॉक’ दिलं की पट्टी जाते. चित्राची रुंदी-उंचीही टॅगमध्ये लिहा, म्हणजे ते उतरेपर्यंत तक्ता खाली-वर उड्या मारणार नाही.

तिसरं कारण जुन्या पानांत असतं: सुरुवातीला डॉकटाइपच नाही. डॉकटाइप नसला की ब्राउझर जुन्या काळच्या ‘क्वर्क्स’ पद्धतीनं चालतो. त्या पद्धतीत सेलच्या उंचीत पॅडिंग धरलं जातं, प्रमाण पद्धतीत ते वरून मिळवलं जातं. ४० पिक्सेल उंची आणि ८-८ पॅडिंग असलेला सेल पहिल्या पद्धतीत ४० चा, दुसरीत ५६ चा. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप घाला. आणि सेलला ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ द्या. दोन्ही केलं की हा फरक संपतो.

वेळ रोच्या मध्यावर जाऊन बसते त्याचं कारण सोपं आहे. सेलमधला मजकूर उभ्या दिशेनं मध्यावर ठेवायचा हीच ब्राउझरची मूळ सवय. लांब यादीच्या तक्त्यात सगळ्या सेलना ‘व्हर्टिकल-अलाइन: टॉप’ द्या. जलकेंद्र, यादीची पहिली ओळ आणि वेळ एका रेषेत वाचता येतात. ‘बेसलाइन’ टाळा. एका सेलमध्ये मोठं अक्षर आणि शेजारी लहान असेल तर त्यांची तळरेषा जुळवण्यासाठी ब्राउझर रोच उंच करतो.

एकच जलकेंद्र पाच भागांसमोर दाखवायचं म्हणून ‘रोस्पॅन’ वापरण्याचा मोह होतो. पसरलेल्या सेलमधला मजकूर त्या पाच रोंपेक्षा उंच झाला की उरलेली उंची कुठल्या रोला द्यायची ते ठरलेलं नाही, आणि तक्ता ब्राउझरगणिक बदलतो. त्यापेक्षा प्रत्येक जलकेंद्राचा स्वतंत्र ‘टीबॉडी’ करा आणि त्याच्या माथ्यावर तिन्ही कॉलम व्यापणारी नावाची रो ठेवा. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकालाही ही रचना सहज कळते. रिकाम्या सेलमध्ये आडवी रेघ टाका, म्हणजे ती रो पॅडिंगपुरती चपटी होणार नाही.

सेलच्या आत एक डिव्ह ठेवून त्याला उंची १०० टक्के देण्याचा प्रयत्न बरेच जण करतात, बहुतेक वेळा पार्श्वभूमीचा रंग सेलभर पसरावा म्हणून. पालक सेलची उंची ठरलेली आहे की नाही याबद्दल क्रोम आणि फायरफॉक्स यांची वागणूक जुळत नाही, आणि मग एक पिक्सेल उंची देण्यासारख्या युक्त्या शोधाव्या लागतात. रंग डिव्हला कशाला, सेललाच द्या. सेल तर रोइतका उंच होतोच.

उंची खरोखरच बांधायची असेल तर

कधी कधी गरज खरी असते. मुख्य पानावर पाच बातम्यांचा तक्ता आहे आणि प्रत्येक रो सारखीच हवी, असं संपादकांचं म्हणणं असतं. अशा वेळी उंची सेलला न देता सेलमधल्या डिव्हला द्यायची. दिलेली उंची किमान मानण्याचा नियम डिव्हला लागू नाही, तो सांगितल्यापुरताच राहतो; जास्तीचा मजकूर बाहेर सांडू नये म्हणून त्याला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ही द्या. मात्र उंची ओळींच्या पटीत द्या आणि पिक्सेलऐवजी ‘ईएम’मध्ये. तीन ओळी हव्या असतील तर १.५ गुणिले ३, म्हणजे ४.५ ईएम. ७० पिक्सेल असा मनाला येईल तो आकडा दिला तर तिसरी ओळ तळाशी कापली जाते, आणि मराठीत पहिला बळी जातो तो उकार-ऋकाराचा. ‘बुद्रुक’ आणि ‘बद्रक’ यांतला फरक वाचकानं अंदाजानं ओळखायचा का?

ओळी मोजून मजकूर थांबवणारा ‘लाइन-क्लॅम्प’ यासाठी जास्त चांगला. तो पूर्ण ओळीवरच थांबतो आणि शेवटी तीन टिंबं लावतो. ‘वेबकिट’ हा उपसर्ग लावून लिहावा लागत असला तरी क्रोम, सफारी आणि ६८ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सही तो मानतो. तोही आतल्या डिव्हलाच लावायचा. थेट सेलला लावला तर सेल तक्त्याचा सेलच राहत नाही, मांडणी विस्कटते.

पण ही सोय बातमीच्या सारांशापुरतीच ठेवा. पाणी बंद असलेल्या भागांची यादी, परीक्षेच्या आसनक्रमांकांचा तक्ता, रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या वेळा, मतदान केंद्रांचे पत्ते, इथं मजकूर लपवण्याचा अधिकार पान करणाऱ्याला नाही. यादी लांब असेल तर रो उंच होऊ द्या. वडगाव शेरीतल्या माणसाला जलकेंद्राची रो किती सुबक दिसते याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला स्वतःच्या भागाचं नाव सापडलं पाहिजे. वेबवरच्या सुगम्यतेची मानकं हेच सांगतात. वाचकानं ओळीतलं अंतर अक्षराच्या दीडपट, अक्षरांमधलं ०.१२ पट आणि शब्दांमधलं ०.१६ पट केलं तरी मजकूर हरवता कामा नये. मजकूर २०० टक्के मोठा केला तरीही नाही. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ मधली आवृत्ती याच मानकांवर बेतलेली आहे. महापालिका, विद्यापीठ किंवा शासकीय रुग्णालय यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी कापलेला सेल हा नियमभंग समजावा.

फोन, ईमेल, कागद

फोनवर तीन कॉलम मावत नसतील तर तक्त्याभोवती एक डिव्ह घालून त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्या, आणि तक्त्याची किमान रुंदी ४८० पिक्सेल ठेवा. तक्ता आडवा सरकतो, रो आटोक्यात राहतात. कळफलकानं वावरणाऱ्यांसाठी त्या डिव्हला ‘टॅबइंडेक्स’ शून्य द्या. सेलनाच ‘डिस्प्ले: ब्लॉक’ करून एकाखाली एक लावण्याची युक्ती दिसायला बरी, पण त्यानं पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तो तक्ता आहे हेच कळेनासं होऊ शकतं.

सोसायटीची नोटीस ईमेलनं जाणार असेल तर आउटलुकची खास काळजी घ्यावी लागते. विंडोजवरचा जुना आउटलुक २००७ पासून वर्डच्या इंजिनानं पान रंगवतो. तिथं पॅडिंग सेललाच द्या, आतल्या डिव्हला दिलेलं तो अनेकदा मानत नाही. आणि ओळीची उंची ईमेलपुरती पिक्सेलमध्ये लिहून तिच्याआधी ‘एमएसओ-लाइन-हाइट-रूल: एक्झॅक्टली’ जोडा, नाहीतर तो आकडा वर्डच्या लेखी नुसता किमान ठरतो.

पुण्यात अशी यादी शेवटी लिफ्टशेजारच्या फलकावर कागदावर लागते, तेव्हा छपाईची सीएसएसही लिहायला हवी. रोला ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ द्या, म्हणजे कात्रज एका पानावर आणि कोंढवा दुसऱ्या पानावर अशी यादी फाटत नाही. शीर्षकाची रो ‘टीहेड’मध्ये ठेवली की बहुतेक ब्राउझर ती प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा छापतात. पार्श्वभूमीचे रंग छपाईत सहसा उतरत नाहीत, तेव्हा दोन रोंमधली सीमा रंगानं न दाखवता रेघेनं दाखवा. डिव्हवरचे उंचीचे आणि ‘लाइन-क्लॅम्प’चे नियम छपाईसाठी काढून टाका, अक्षर १२ पॉइंटांचं करा, आणि ए-फोरचा नमुना पाहताना सर्वांत लांब यादीची रो आधी तपासा.